घट्ट करायचा स्क्रू शोधणारीकडून आभारपत्र

काका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुमच्याखेरीज इतरांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. तुम्हाला यात नवं काही सापडणार नाही. पण त्या दिवशी मी जो प्रश्न विचारला तो माझ्यासारखे बरेच जण विचारत असणार, आणि प्रत्येकाच्या शेडच्या दारात तुमच्यासारखा माणूस उभा असतोच असं नाही.

प्रश्न होता, "एटीव्हीचा बेल्ट घट्ट करायचा स्क्रू कुठे असतो?" एटीव्ही म्हणजे माझी ती चार जाड चाकांची, खडबडीत रस्त्यावर आणि चिखलात चालणारी गाडी. इंजिनाकडची पुढची पुली आणि चाकांकडची मागची पुली यांना जोडतो तो हा बेल्ट.

तुम्ही हसला नाहीत, हा पहिला उपकार. "घट्ट करायचाय हे कशावरून ठरवलंस?" एवढंच विचारलंत. मी फडाफडा सगळं सांगितलं. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. आधीच्या बेल्टवर निघताना धपधप हिसके बसायचे, म्हणून आठ दिवसांपूर्वी मीच नवा बेल्ट टाकला. बसवल्यावर बोटाने दाबून पाहिला तर चांगला लोंबत होता. तरी तसंच कव्हर लावलं. तेव्हापासून गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो आणि थ्रॉटलला हात न लावताही गाडी पुढे सरकू पाहते, ब्रेक धरून ठेवावा लागतो. म्हणजे बेल्ट ढिला आहे, घट्ट केला की झालं.

आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. ढिल्या बेल्टची गाडी आपण होऊन कशाला सरकेल? पण त्या वेळी माझ्या डोक्यात तो लोंबणारा बेल्ट पक्का बसला होता.

तुम्ही आधी आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन किती वेगाने फिरतं ते, तपासायला लावलंत. आयडल चढलेला असेल तर पुढची पुली उभ्या गाडीतच बेल्टला चावू लागते आणि गाडी अशीच सरकते, दोष बेल्टचा नसतोच. आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यात होता. मग इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, आणि सगळं निवेपर्यंत थांबणं. मला घाई होती. तुम्हाला नव्हती. त्या वेळात तुम्ही विचारलंत, "जुना बेल्ट फेकलास की आहे?"

होता, खुंटीला टांगलेला. तो तुम्ही दोन्ही हातांत घेऊन इंच इंच फिरवलात आणि एका जागी थांबलात. तिथे दोन्ही बाजूंनी रबर खरवडल्यासारखं झालं होतं, बेल्टची कंबर आवळल्यासारखी. "चिखलात रुतली होतीस, आणि तेव्हा गाडी हाय रेंजमध्ये होती," तुम्ही म्हणालात. म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये, जोराच्या लो रेंजमध्ये नव्हे. काका, ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. चाकं अडकलेली, मागची पुली जागच्या जागी, आणि पुढची पुली बेल्टच्या त्याच बोटभर तुकड्यावर गरगर फिरत राहिलेली. तो तुकडा जळून अरुंद झाला. पुढे बेल्टच्या प्रत्येक फेरीत तो अरुंद भाग पुलीत खाली जायचा आणि मला हिसका बसायचा. महिनाभर मी त्या धपधपीचा दोष इंजिनाच्या माउंटिंगला देत होते.

मग तुम्ही व्हर्निअर, ती बारीक मापं घ्यायची पट्टी, माझ्या हातात दिलीत. बेल्टच्या बाकीच्या, न जळलेल्या भागाची रुंदीही नव्या बेल्टपेक्षा दोन मिलिमीटरच्या वर कमी भरली. "हे लक्षात ठेव, पुढे लागेल," म्हणालात. तेव्हा कळलं नाही का लागेल.

कव्हर उघडलं, पुली उघडायच्या बोल्टने मागच्या पुलीच्या तबकड्या फाकवल्या आणि बेल्ट काढला. मागच्या वेळी हेच काम मी स्क्रू ड्रायव्हर घालून केलं होतं. त्याची खूण ॲल्युमिनियमवर स्पष्ट दिसत होती. तुम्ही त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवलात, काही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

पुलीचे उतरते गाल क्लीनरच्या फडक्याने पुसले तर फडकं काळंकुट्ट. जुन्या बेल्टचं जळकं रबर तिथे झिलईसारखं चढलं होतं आणि मी त्यावरच नवा बेल्ट चढवला होता. नवा बेल्टसुद्धा साबणाच्या पाण्याने धुवून सुकवायला लावलात. आणि मी ग्रीसचा डबा उघडला तेव्हा, पूर्ण दिवसात एकदाच, तुम्ही ओरडलात. बरोबरच आहे. हा बेल्ट चालतो तो नुसत्या घर्षणावर. बोटाएवढं ग्रीस त्याच्या कडेला लागलं तर गाडी जागेवर किंचाळत बसेल.

बेल्ट पुन्हा चढवला, त्याच्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने. तुमची लांब स्टीलची पट्टी दोन्ही पुलींवर टेकवून आडवी ठेवली, मधोमध बेल्ट बोटाने खाली दाबला आणि दुसऱ्या छोट्या पट्टीने खोली मोजली. ४१ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये माझ्या गाडीसाठी २९ ते ३२. मी जवळजवळ उडीच मारली. "बघा! ढिला आहे की नाही?"

तुम्ही म्हणालात, "न्यूट्रलला टाक आणि मागची पुली हाताने फिरव."

पाच-सहा फेरे दिले. फाकवलेल्या तबकड्या स्प्रिंगच्या जोराने हळूहळू मिटत गेल्या आणि खाली बसलेला बेल्ट वर सरकत सरकत पुलीच्या काठाशी आला. काठाशी कसला, काठाच्या वर! पुन्हा मोजलं. १७.

तो आकडा बघून मी जी गप्प बसले ती बराच वेळ. आठ दिवस जो बेल्ट मी ढिला समजत होते तो जवळपास दुप्पट घट्ट होता. पहिल्या दिवशी बसवल्याबरोबर मी दाबून पाहिला तेव्हा तो अजून खाली रुतलेलाच होता. एकदा चालवल्यावर तो वर आला आणि आवळून बसला. उभ्या गाडीतही पुढच्या पुलीला घासायला लागला, म्हणून ते सरकणं. मागची पुली कधी पूर्ण थांबतच नव्हती, म्हणून गिअरचा कर्र आवाज. मी स्क्रू शोधून तो आणखी घट्ट करणार होते!

तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो स्क्रू मुळात नसतोच. पिठाच्या गिरणीच्या बेल्टसारखी इथे मोटर मागे ओढून ताण देता येत नाही, दोन पुलींमधलं अंतर ठरलेलं. ताण ठरतो तो मागच्या पुलीच्या दोन तबकड्यांमधल्या फटीने. बेल्ट पाचरीच्या आकाराचा. फट वाढली की तो खाली उतरतो आणि ढिला होतो, फट कमी झाली की वर चढतो आणि आवळतो. माझ्या गाडीत ती फट शिमने, म्हणजे तबकड्यांमध्ये घालायच्या पातळ चकत्यांनी, ठरते, काही गाड्यांत ॲलन कीने फिरवायची रिंग असते, आणि कित्येक गाड्यांत जुळवणी अशी नसतेच. तिथे रुंदी मोजायची, मर्यादेखाली गेली की बेल्ट बदलायचा.

आणि इथे ते दोन मिलिमीटर कामाला आले. मॅन्युअलच्या चित्रात मागच्या पुलीत शिम दाखवल्या होत्या, आमच्या पुलीत एकही निघाली नाही. जुना बेल्ट झिजून अरुंद झाला तसा तो खाली बसत गेला, ढिला पडत गेला. आधीच्या मालकाने बेल्ट बदलण्याऐवजी शिम काढून फट कमी केली आणि दिवस ढकलले. मग मी पूर्ण रुंदीचा नवा बेल्ट आणून त्या आवळलेल्या फटीत कोंबला. त्याला दोष देऊ का? मी त्याच्या जागी असते तर मीही बहुतेक तेच केलं असतं, तेही न मोजता.

पुली उतरवताना स्प्रिंगचा दाब कुठे आहे हे आधी दाखवलंत, मगच बोल्टला पाना लावू दिलात. एक शिम घातली, सगळं परत बसवलं, पुली फिरवली. २४. पुन्हा सगळं उघडलं, दुसरी शिम. ३०. दोन्ही वेळा पाना माझ्याच हातात होता आणि तुम्ही डब्यावर बसून होतात. खरं सांगू का, दुसऱ्या वेळी मला तुमचा राग आला होता. तुम्ही केलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं.

मधल्या वेळात तुम्ही ती डाफची गोष्ट सांगितलीत ती मी तेव्हापासून चार जणांना ऐकवली आहे. हुब फान डोर्ने यांच्या डच कंपनीने १९५८ साली डाफ ६०० ही छोटी मोटार आणली, तिच्यात हीच बेल्टवाली व्यवस्था होती, मागच्या दोन चाकांना एकेक बेल्ट. आणि त्या व्यवस्थेमुळे ती गाडी पुढे जितकी पळायची तितकीच मागेही पळू शकायची. ऐकणारे आधी विश्वास ठेवत नाहीत. मीही ठेवला नव्हता.

कव्हर लावून इंजिन सुरू केलं. गिअर टाकला, आवाज नाही. ब्रेक सोडला, गाडी जागेवर उभी. तेवढ्यावरच मला ओरडावंसं वाटलं, पण तुम्ही आधीच हात धूत होतात.

तुमच्या सूचना पाळते आहे. पहिले पन्नास किलोमीटर थ्रॉटल पूर्ण पिळला नाही, वेग कमीजास्त करत राहिले. चढ, ओढकाम किंवा चिखल असला, किंवा ताशी दहा-बाराच्या आतच रखडायचं असलं, तर लो रेंज. परवा ओढ्यातून जाताना पाणी बेल्टच्या कव्हरच्या आत गेलं आणि बेल्ट घसरायला लागला. पूर्वीची मी असते तर थ्रॉटल दाबून धरला असता. या वेळी बाहेर काढून न्यूट्रलला टाकली, कव्हरच्या खालचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायचं बूच, काढला, पाणी गळू दिलं, प्लग परत लावला आणि इंजिन थोडं चढवून आतलं वारं खेळू दिलं. थोड्या वेळाने बेल्टने पुन्हा पकड घेतली.

जुना बेल्ट खुंटीवरच आहे. आवळलेल्या जागेला मी पांढऱ्या खडूने गोल केला आहे. तुमची लांब स्टीलची पट्टी मात्र माझ्याकडेच राहिली. काल तिनेच पुन्हा मोजलं. पुली आधी फिरवली, मग मोजलं. ३१ भरलं.

पट्टी रविवारी आणून देते. घरी असाल ना?

तुमची,
१७ला ४१ समजलेली