गेमचा रिव्ह्यू कुणाच्या संगणकावरचा?

संपादक महोदय,

कुठला सिनेमा लागला आणि त्याला किती तारे, हे आपल्या पुरवणीत नेमाने येतं. सिनेमाचं तिकीट फार तर दोन-तीनशेचं. तीन-चार हजारांच्या व्हिडिओ गेमवर मात्र एक ओळ नसते. मग पोरं यूट्यूबवर रिव्ह्यू बघतात, साठवलेले पैसे मोडतात आणि शेवटी माझ्याकडे येतात.

बेळगावच्या वडगावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. येळ्ळूर, धामणे, अनगोळ, मच्छे इथली पोरं येतात. मराठी पोरं काका म्हणतात, कन्नड पोरं अण्णा. गेमच्या बाबतीत दोघांचं म्हणणं एकच: ‘दहापैकी नऊ दिल्यात बघा की!’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सेकंड पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा संपलेला एक मुलगा लग्नसराईत पंगतीला वाढायला जायचा. त्यातून साठवलेले तीन हजार घालून त्याने गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेतला. गेम शंभर जीबीच्या वरचा, घरी नेट मोबाईलचं, दिवसाला दोन जीबी. म्हणून सीपीयू पिशवीत घालून माझ्याकडे आणला. दोन रात्री डाऊनलोड चाललं. तिसऱ्या दिवशी सुरू केला तर गाडी पळेना. लग्नाचा अल्बम उलटावा तसं एकेक चित्र येत होतं. आठ जीबी रॅम, पडद्यावरची चित्रं पळवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, दुसरं होणार काय? गेमचा कोड कुठल्याशा दुसऱ्याच साइटवरून घेतला होता, त्यामुळे परत करायचाही प्रश्न नव्हता. पोरगं काही बोललं नाही. ‘राहू दे काका’ म्हणाला आणि सीपीयू उचलून गेला.

त्याने बघितलेला रिव्ह्यू मी नंतर दुकानात बसून पूर्ण बघितला. अठरा मिनिटांचा. रिव्ह्यू करणाऱ्याचा संगणक कसला आहे, ते शेवटी बारीक अक्षरांत चार सेकंद दिसतं. नुसत्या ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत आमच्याकडे सेकंडहँड मोटारसायकल येईल. तो खोटं काहीच बोलत नव्हता. त्याच्याकडे गाडी पळत होती.

हे काही खेड्यापाड्यातल्या पोरांपुरतंच नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला. त्याआधी समीक्षकांना तो फक्त संगणकावर खेळायला दिला होता, जुन्या कन्सोलवरची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरची, प्रत दिलीच नव्हती. रिव्ह्यू कौतुकाचे आले. प्लेस्टेशन ४ या सोनीच्या जुन्या कन्सोलवाल्यांच्या घरी मात्र गेम अडखळत आणि मध्येच बंद पडत चालला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. परत तिथे दिसायला जून २०२१ उजाडला. समीक्षक विकले गेले, असं यावर कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्यांनी खेळला तो गेम चांगला होता, लोकांच्या घरी पोचला तो वेगळा. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याच गेमची लोक वाखाणणी करू लागले. आमची पोरं गेम घेतात ती सेल लागल्यावर, दोन-तीन वर्षांनी. पहिल्या दिवसाचा रिव्ह्यू, बरा असो की वाईट, तोवर शिळा झालेला असतो.

आकड्याचा मोह मला कळतो. दहावीत मला ५९ टक्के पडले, फर्स्ट क्लास हुकला, आणि वडील ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ या २०१० च्या गेमचंही तसंच झालं. रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ८५ पडले तर बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस, असं ठरलं होतं. पडले ८४! त्याच कंपनीतल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे उघड केलं. तो गेम खेळणारे आजही आहेत. तो एक मार्क नेमका कशात गेला, हे त्यांच्यातलं कोण सांगू शकेल?

वडील मागावर बसायचे. साडी घ्यायला आलेली बाई दुकानदाराचं सगळं पुराण ऐकून घ्यायची आणि मग पदर चिमटीत धरून उजेडात न्यायची, असं ते सांगत. गेमच्या बाबतीत ही सोय स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर २०१५ पासून आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. दोन तासांत कथा कुठे सुरूही होत नाही म्हणतात, पण आपल्या संगणकावर गेम चालतो की नाही हे कळायला दहा मिनिटं पुरतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं, रिव्ह्यूंचे आकडे मात्र तोंडपाठ.

रिव्ह्यू वाचूच नयेत, असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घेतला तो रिव्ह्यू वाचूनच, पण उलटा वाचून. राखीपौर्णिमेला असुर भावाला पळवतात आणि बहीण दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते, असा तो २०२० चा गेम. फार लहान आहे, पाच-सहा तासांत संपतो, अशी बऱ्याच रिव्ह्यूंत तक्रार होती. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मला हाच पाहिजे.’ सेमिस्टर संपल्यावर शनिवार-रविवार मिळून तिने तो संपवला, सोमवारी कॉलेज. साठ-सत्तर तासांचा गेम तिला कुणी फुकट दिला असता तरी तिने घेतला नसता.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा अर्धा कॉलम गेमला द्या. तारे नकोत. लिहिणाऱ्याने कसल्या संगणकावर किंवा मोबाईलवर खेळला, गेम विकत घेतला की कंपनीने दिला, किती जीबी उतरवावे लागतात, नेट गेल्यावर चालतो का, आणि किती तास खेळून लिहितोय, एवढं पहिल्या चार ओळींत यावं. आवडला की नाही ते नंतर सावकाश लिहू दे. लिहिणारा पुण्या-बेंगळुरूचाच असायला हवा असं नाही. खानापूर-निपाणीकडे गेमचं माझ्यापेक्षा जास्त कळणारी पोरं आहेत, आणि मराठीही बरी लिहितात.

तोवर मी दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे: ‘गेम घेण्याआधी संगणक आणा, चालतो का बघून सांगतो. पैसे घेत नाही.’ वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली मराठी. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, असा इथे नियम आहे. पहिल्या आठवड्यात चौघे आले. तिघांना ‘घेऊ नको’ म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाने तरीही घेतला, आणि काल तो रॅमची किंमत विचारायला आला होता.

आपला एक वाचक,
वडगाव, बेळगाव