पोरं रस्त्यावर आली तर बिघडलं कुठं?

संपादक साहेब,

परवा बिंदू चौकात कॉलेजची पोरंपोरी बायकांच्या सुरक्षिततेसाठी बोर्ड घेऊन उभी होती आणि शेजारी चहाच्या गाड्यावर आमच्याच वयाची मंडळी म्हणत होती, रील काढायला आल्यात सगळी, अभ्यास सोडून नसते धंदे. असू दे की रील काढायला! आम्ही मोर्चाला जायचो तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात आपला फोटो आलाय का बघत नव्हतो व्हय?

असल्यानं काय होतंय असं विचारणाऱ्यांना सांगतो. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर अत्याचार झाला, १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यावर बायका ठिकठिकाणी रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठं १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. २०१२ ला निर्भयासाठी दिल्लीत ऐन थंडीत पाण्याचे फवारे अंगावर घेणारी कॉलेजचीच पोरं होती, मग कायद्यात काय बदलायचं ते सांगायला न्यायमूर्ती वर्मा समिती आली, महिन्याच्या आत रिपोर्ट दिला आणि २०१३ ला नवा कायदा. आणि आपण तर १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या शाहू महाराजांच्या गावचे, आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ ला विधवांचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या बंद असा ठराव केला. तिथं पोरींनी आवाज काढला की आपल्याला अभ्यास आठवतोय.

त्या दिवशी पोरगेपण बरेच होते, हे मला लई आवडलं.

फक्त एक, निम्म्या बोर्डांवर 'फाशी द्या' एवढंच होतं. माझी पोरगी शेवटच्या वर्षाला आहे, तिला विचारलं तुमच्या कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रार समितीत कोण कोण आहे, तर म्हणाली असली काय समिती असते होय? अहो, यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमात स्पष्ट आहे, तक्रार विद्यार्थ्यांची असली तर समितीत तीन विद्यार्थी पाहिजेत आणि तेपण निवडून आलेले. कुठं झाली म्हणायची ही निवडणूक? गॅदरिंगच्या जीएसची बरी होते! पोरांनो, पुढच्या वेळी बोर्ड घेऊन प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर उभं राहा आणि ती नावं मागा.

साहेब, तुमचा पेपर जिल्ह्यात घरोघरी जातो, एखादा वार्ताहर कॉलेजाकॉलेजात पाठवा आणि कुणाच्या नोटीस बोर्डावर ही नावं आहेत, कुणाच्या नाहीत ते सरळ छापा.

एक पालक,
राजारामपुरी, कोल्हापूर