पऱ्हाटीचे पराठे आणि संशोधनाचा पैसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संशोधनावर सरकारनं जास्त खर्च करावा, असं सांगणारा आपला अग्रलेख वाचला. भारत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के संशोधनाला देतो, दक्षिण कोरिया जवळपास ५ टक्के. ही तुलना नेहमीचीच. पण कोरियात त्यातला मोठा वाटा खासगी कंपन्या उचलतात आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त भार सरकारवरच आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यामुळे नुसतं ‘सरकारनं हात सैल सोडावा’ म्हणून भागत नाही. दिलेला पैसा कोणत्या कामाला लागतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्या गावात पहिला फोन वाजला तो दिवस मला आठवतो. त्यामागे सी-डॉट ही १९८४ साली निघालेली सरकारी संस्था होती, हे पुष्कळ उशिरा कळलं. ३६ महिन्यांत आणि ३६ कोटी रुपयांत देशी टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडणारं यंत्र, बनवायचा वायदा करून तिथले तरुण इंजिनिअर कामाला लागले होते. परदेशातून येणाऱ्या एक्स्चेंजला थंडगार खोली लागायची. यांनी १२८ लाइनींचं असं ग्रामीण एक्स्चेंज केलं की ते एसीशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालावं. पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. पारा ४५च्या वर गेला की आमच्याकडे बैलही सावली सोडत नाही, म्हणून त्या यंत्राचं मला आजही अप्रूप आहे. ते इथल्या उन्हाचा विचार करून बनवलेलं होतं.

आता आजचं बघा. पुतण्यानं फोनवर शेतीसल्ल्याचं एक अ‍ॅप टाकून दिलं, बोलून विचारायची सोय असलेलं. मी विचारलं, ‘पऱ्हाटीवर लाल्या आला, काय करू?’ त्यानं पऱ्हाटीचे, म्हणजे आमच्या कापसाचे, पराठे केले! तीनदा विचारलं. शेवटी टीव्हीवरच्या बातमीदारासारखं ‘कापसाच्या झाडाची पाने लाल झाली आहेत’ असं म्हटलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माझ्या आईला असं बोलता येत नाही आणि या वयात तिनं ते का शिकावं? अ‍ॅपवाल्यांचा तरी काय दोष म्हणा, वऱ्हाडी बोली त्या यंत्राच्या कानावरच पडलेली नसेल. गोंडी आणि कोलामी या आदिवासी भाषा बोलणाऱ्यांची गोष्ट तर दूरच.

यंत्राला आमच्या बोली शिकवायचं काम बाजार करणार नाही, कारण त्यात गिऱ्हाईक थोडं आणि कमाई त्याहून थोडी. म्हणूनच इथे सार्वजनिक पैसा लागतो. जगातही तसंच झालं आहे. इंटरनेटचं मूळ असलेलं अर्पानेट १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलं. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेनं वेबचं तंत्र १९९३ साली सगळ्यांना फुकट वापरायला खुलं केलं. युरोपीय संघाचा ९० अब्ज युरोंहून मोठा संशोधन कार्यक्रम २०२१ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. त्यातल्या बहुतेक सामायिक प्रकल्पांना किमान तीन देशांतल्या संस्था एकत्र याव्या लागतात.

आपल्याला तीन देश नकोत, तीन ठिकाणं पुरेत: अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय. संगणकाला भारतीय भाषा समजाव्यात आणि त्यांचं भाषांतर करता यावं, यासाठी केंद्राचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून आहे. शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी राज्यानं २०२५ साली ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं आहे. त्यातला थोडा पैसा वऱ्हाडी, गोंडी, कोलामीचं बोलणं गोळा करायला लागावा. गुलाबी बोंडअळीनं पोखरलेल्या बोंडांचे फोटो इथल्याच वावरांतून घ्यावेत. २०१७ साली या अळीनं आमच्या कापसाची काय नासाडी केली, ते विदर्भाला विचारायची गरज नाही. आणि जमवलेलं सगळं खुलं ठेवावं, म्हणजे उद्या आमच्या जिल्ह्यातल्या वणी-पुसदच्या एखाद्या पोरालाही त्यावर काहीतरी उभं करता येईल. नवं अ‍ॅप मात्र नको, आहेत तेवढ्यांचे पासवर्ड आधीच आठवत नाहीत.

रेकॉर्डिंग करायला माणसं पाठवायची असतील, तर आमच्या पारावर संध्याकाळी बोलणारे भरपूर मिळतील. फक्त बाजाराचा दिवस सोडून यावं आणि वेचणी सुरू व्हायच्या आत यावं.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ