तांदळाच्या डब्यातली ट्यूब

पुणे,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगून झालंय, तरी लिहितेय. फोनवर बाबा दोनदा 'होय होय' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई 'जेवलीस काय?' विचारते आणि मलमाचा विषय तिथंच मिटतो. कागद देवळीत ठेवता येतो, चष्मा लावून पुन्हा वाचता येतो.

काल वहिनी म्हणाली, बेळगावच्या डॉक्टरांनी बाबांच्या मान-हातावरच्या खाजऱ्या चट्ट्यांना दिलेली ट्यूब आईनं तांदळाच्या डब्यात लपवलीय. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणे, "त्यात स्टिरॉइड असतंय, कातडी जळतीय." आई, तू घाबरलीस हे कळतं मला. पण त्याआधी पाच महिने बाबा मेडिकलमधून आणलेली दुसरी ट्यूब भाकरीवर लोणी लावावं तशी लावत होते, तेव्हा कुणालाच भीती वाटली नाही. स्टिरॉइड त्यातही होतं, आणि आताच्यापेक्षा कितीतरी जहाल. एकानं थापायचं आणि दुसरीनं लपवायचं, यात बाबांची कातडी मात्र सुधारायची राहिली.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते.

तुम्ही 1956 चे. गाव मैसूर राज्यात गेलं त्याच साली जन्मलो, हे तुम्ही आम्हाला जेवताना किती वेळा ऐकवलंय. हे स्टिरॉइडचं मलम तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठं. 1952 साली अमेरिकेत इसबावर हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड वरून लावून बघितलं आणि गुण आला, तिथून ही मलमं सुरू झाली. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीरात असंच रसायन रोज तयार करत असतात. भडकलेल्या कातडीला ते शांत करतं. लाली उतरते, सूज उतरते, खाज थांबते. म्हणजे औषध वाईट नाही. पण त्याच्यात पायऱ्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य. मोमेटासोन, बीटामेथासोन त्याच्या बऱ्याच वर. क्लोबेटासोल सगळ्यात वरच्या पायरीवर. ते सलग दोन आठवड्यांहून जास्त लावायचं नसतं आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर तर नाहीच. तुमच्या जुन्या ट्यूबमध्ये हेच होतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध कालवलेलं. मेडिकलमधल्या पोरानं 'तीन औषधं एकात, कशालाबी चालतंय' म्हणून दिलं आणि तुम्ही घेतलं. 2018 पासून असल्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. खोक्यावर डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ असते, ती त्यासाठीच. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा असावी यावरून तुम्ही आयुष्यभर भांडलात, बाबा, पण खोकं मात्र एकदाही उलटून बघितलं नाहीत.

आता जांघेतल्या खाजेचं. डॉक्टरांनी तिथली कातडी खरवडून काचेवर घेतली आणि दुर्बिणीखाली बघितली, आठवतंय? तो नायटा होता, बुरशी. बुरशीवर स्टिरॉइड लावलं की चार दिवस बरं वाटतं, कारण शरीराचं भांडणच बंद पडतं. लाली गेली, खाज गेली, आपण खूश. आणि आत बुरशीला रान मोकळं. मलम थांबवलं की दुप्पट पसरते. वर तिची ती गोल कड पुसट होते, म्हणून डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. मांडीवर आतल्या अंगाला जे तांबडे चरे पडलेत, ते त्या ट्यूबचे. त्यांचा रंग फिका होईल, पण ते पुरते जाणार नाहीत. म्हणून जांघेत आता फक्त बुरशीचं मलम आणि गोळी. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत. पावसात आपल्याकडे दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात. दमट चड्डी अंगावर चढवू नका, वहिनीला इस्त्री फिरवायला सांगा. टॉवेल वेगळा. आणि आई, तुलाही कुठं खाज असली तर लाजू नकोस, डॉक्टरांना दाखव. एकाला बरं करून दुसऱ्याकडून परत यायला नको.

आई, आता तुझ्याशी. पंधरा वर्षं तुला सांगितली नाही अशी एक गोष्ट सांगते.

माझ्या लग्नाआधी आठ महिने मी चेहऱ्याला एक मलम लावत होते. मैत्रिणीनं दिलं होतं, 'गोरं करणारं'. डबीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, बाबांचीच मुलगी. पहिल्या महिन्यात तोंड असं उजळलं की तूच मामीला म्हणालीस, "पोरगी खुललीय." मग एकदा डबी संपली आणि चार दिवस मिळाली नाही. तोंडाची आग आग झाली. गाल लालभडक, हनुवटीवर पुटकुळ्या, वरच्या ओठावर लव. पुन्हा लावलं की शांत. सोडलं की पुन्हा आग. मी दारूड्यासारखी त्या डबीला चिकटले होते. लग्नाच्या फोटोत माझ्या तोंडावर पावडरचा जो थर दिसतो, तो हौसेचा नव्हता. पुढं पुण्यात कातडीच्या डॉक्टरांनी चार महिन्यांत ते हळूहळू सोडवलं. आजही उन्हात उभी राहिले की गालावरच्या बारीक तांबड्या शिरा दिसतात. तू मागं विचारलं होतंस, मी ऊन लागलं म्हणाले होते.

म्हणजे तुझी भीती खोटी नाही, आई. स्टिरॉइडनं माझं तोंड खराब केलं. पण ज्या डॉक्टरांनी मला त्यातून सोडवलं, त्यांनीच पुढच्या वर्षी माझ्या हातावरच्या इसबाला स्टिरॉइडचं मलम दिलं. दहा दिवस. हात बरा झाला, काही झालं नाही. कुठल्या पायरीचं, कुठल्या जागी, किती आणि किती दिवस, एवढ्यावर सगळं आहे. आणि दुखणं तसंच ठेवलं तर काय होतं ते तू रोज बघतेस. बाबा रात्री दोन वाजता उठून कोपराची लवण खाजवतात, नखानं रक्त काढतात, तिथं पू धरतो. ट्यूब तांदळात ठेवून ते थांबणार नाही.

आता माप. हे मला डॉक्टरांनी माझ्याच बोटावर करून दाखवलं. तर्जनी सरळ धरायची. टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूब दाबत एक सरळ रेघ ओढायची. ते झालं एक बोट, साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम दोन तळहात, बोटांसकट, मावतील एवढ्या जागेला पुरतं. बाबांच्या दोन्ही कोपरांच्या लवणी आणि त्याखालचा भाग मिळून दोन तळहात भरतात. मानेचा चट्टा मागून-पुढून तेवढाच. म्हणजे दोन बोटं, रात्री एकदा. रोज एक ग्रॅम झालं, तर 15 ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जायला हवी. चार दिवसांत संपली तर बाबा पुन्हा लोणी लावताहेत असं समज. महिनाभर पुरली तर तू चोरून हात आखडतेस. कॅलेंडरवर ज्या दिवशी ट्यूब फोडली त्या चौकोनात खूण कर.

चोळायचं नाही, केसांच्या दिशेनं हलकं पसरायचं. वर पट्टी, प्लास्टिक काही बांधायचं नाही, झाकलं की औषध कितीतरी पटीनं आत मुरतं. डॉक्टरांनी बांधायला सांगितलं तरच. लावून झालं की हात धुवायचे. अंघोळ झाल्यावर, अंग अजून ओलसर असताना ते साधं पांढरं व्हॅसलीनसारखं मलम लावायचं. ते कितीही लावा, तिथं बाबांनी हौस भागवून घ्यावी. रात्रीसुद्धा ते लावायचं झालं तर औषधाचं मलम आणि त्यात अर्धा तास जाऊ दे. एक मात्र आहे: ते मुरलेला पंचा, टॉवेल बंबाजवळ नेऊ नका, मेणासारखा भडकन पेटतो. बाबा पाणी तापेपर्यंत बंबापुढं बसून राहतात म्हणून लिहितेय.

मी आले तेव्हा तिन्ही ट्यूबांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: 'मान-हात', 'तोंड', 'जांघ'. त्या निघाल्या असतील तर पुन्हा चिकटव. मान-हाताची चुकून तोंडाला जाता कामा नये. तोंडाची, जांघेची, काखेची कातडी पातळ, तिथं औषध भसाभस आत जातं. पापणीवर तर बोटही नको. बाबांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि डोळ्याजवळ स्टिरॉइड दिवसेंदिवस गेलं तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी आधीच कागदासारखी असते. बाबा, कडी लागून मनगटावर काळंनिळं होतं ना, तिथली कातडी अजून पातळ करायची नाही.

पंधरा दिवसांनी कातडी मऊ झाली, लाली गेली की डॉक्टरांकडे जायचं. ते कमी कसं करायचं सांगतील, बहुतेक आठवड्यातून दोनच दिवस. आपण होऊन बंद नाही, आपण होऊन चालूही नाही. पंधरा दिवसांत फरकच नसेल, पू आला, ताप आला, तर त्याआधीच जायचं.

आणि मुळावर घाव घालायचा तर काँग्रेस गवत. डॉक्टर म्हणाले, मान, पापण्या, कोपराच्या लवणी असं नेमकं उघड्या आणि घडीच्या जागी उठतंय म्हणजे त्याचाच संशय. त्याचे कण वाऱ्यानं उडून येतात, हातच लावायला हवा असं नाही. बाबा, हे गवतही तुमच्याच वयाचं आहे, पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं ते 1955-56 च्या सुमाराला. सरकारनं त्याला खाणारे मेक्सिकोचे भुंगे सोडले, 1984 साली, बेंगळुरूला. आपल्या बांधावर ते अजून पोचले नसावेत! यंदा मसुराआधी बांध साफ कराल तर तुम्ही त्यात हात घालू नका. गडी लावा, पैसे मी देते. त्यालाही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेत. फुलं यायच्या आधी उपटायचं, आणि वाळलेलं पेटवायचं नाही. तुम्ही शेतातून आलात की आधी अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे.

दसऱ्याला येते. येताना ते साधं मलम मोठ्या डब्यात आणीन, इथं स्वस्त पडतं.

आई, ट्यूब आजच डब्यातून काढ आणि तांदूळ पाखडून घे. आणि ती जुनी तीन-औषधांची, अर्धी राहिलेली ट्यूब काकूंनी त्यांच्या नातवाला लावायला नेलीय असं वहिनी म्हणाली. पोर दोन वर्षांचं आहे. लंगोटाखाली लावली तर झाकल्यासारखीच मुरते. पत्र वाचून झालं की आधी तिथं जा आणि ट्यूब परत आण. काकू रागावल्या तर माझं नाव सांग.

तुमची,
थोरली