मार लागलेल्या डोळ्याला मेंदूचा सीटी पुरत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

दुचाकीवरून पडून किंवा चेंडू लागून डोळा सुजलेल्या रुग्णाचा बहुधा मेंदूचा सीटी होतो. ‘रक्तस्राव नाही’ असा रिपोर्ट आला की त्याला घरी सोडतात. डोळ्याच्या खोबणीचा हाडाचा तळ मोडला आहे का, हे त्यात तपासलेलेच नसते.

हा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नाकाकडची भिंत त्याहूनही पातळ. मेंदूच्या सीटीचे आडवे छेद बहुतेकदा 5 मिमीचे. तळही जवळपास आडवाच, त्यामुळे मोड दोन छेदांत हरवते. कधी स्कॅन तळापर्यंत पोहोचतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून हाड शाबूत, असेही मानता येत नाही.

सर्वाधिक काळजी मुलांची वाटते. त्यांचे लवचिक हाड झडपेसारखे उघडून मिटते आणि डोळ्याखालचा स्नायू त्यात चिमटतो. डोळा पांढराशुभ्र, सूज नावापुरती. पण मूल ओकते, नाडी मंदावते, वर बघताना कळवळते. ओकारीमुळे सगळ्यांचे लक्ष मेंदूकडे जाते. सीटीत हाड जागेवर दिसते, म्हणून स्नायू कुठे आहे हे पाहावे लागते. असा स्नायू 24 ते 48 तासांत सोडवावा लागतो. उशीर झाला तर एकाचे दोन दिसणे कायमचे राहू शकते.

आमची मागणी एका परिपत्रकाची आहे. डोळ्याभोवती मार असेल तर कपाळापासून वरच्या दातांपर्यंत स्कॅन, 1 मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस (छेद), कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध न टोचता. त्याच डेटातून कोरोनल (समोरून पाहिल्यासारखी) आणि सॅजिटल (बाजूने पाहिल्यासारखी) उभी चित्रे, बोन व सॉफ्ट टिश्यू दोन्ही विंडोत, म्हणजे एकदा हाड आणि एकदा स्नायू स्पष्ट दिसतील अशी. त्यासाठी पुन्हा किरण द्यावे लागत नाहीत. मात्र पातळ स्लाइस जपून ठेवायला हव्यात. जाड स्लाइसवरून केलेले कोरोनल चित्र पायऱ्यापायऱ्यांचे येते. रुग्णाला नुसती फिल्म न देता सीडीही द्यावी.

दोन अपवाद त्यात ठळक छापावेत. डोळा पुढे आलेला, दगडासारखा घट्ट आणि नजर जात असेल, तर सीटीसाठी न थांबता पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब उतरवावा. धातूचा कण आत असल्याची शंका असेल, तर एमआरआय करू नये.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त ‘सीटी ब्रेन’ लिहिले आणि डोळा सुजलेला दिसला, तर तंत्रज्ञाने फोन करून विचारावे, हेही लेखी असू द्या.

आपले,
नेत्रशल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि सीटी तंत्रज्ञ