सुध्या, खोलीचं काय करायचं?

हवाना, जानेवारी

सुध्या,

फोनच करणार होतो, पण इथलं नेट आलं तर आलं. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा आपल्या जागी आहे.

जहाज मारियलला लागलंय. सुट्टी मिळाली तशी सेकंड इंजिनियरला घेऊन टॅक्सीनं ४५ किलोमीटरवर हवानात आलो आणि मालेकॉनवर जाऊन बसलो. ८ किलोमीटरचा सलग कठडा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सहापदरी रस्ता आणि मग घरांची रांग. १९०१ साली अमेरिकन लष्कराच्या अमलात ला पुंताच्या किल्ल्यापासून बांधायला घेतला, आल्मेंदारेस नदीच्या मुखापर्यंत पोचायला १९५२ उजाडलं. तुझा मरीन ड्राइव्ह भारी, मान्य, सायकलवरून झाली तशी मारामारी आता नको. पण इथे लाटा अडवायला काँक्रीटचे टेट्रापॉड नाहीत, समुद्र थेट भिंतीला भिडतो. खाली खडकात चौकोनी हौद कोरलेत, १९व्या शतकात लोकांना आंघोळीसाठी केलेले. त्यात पोरं अजून उड्या मारतात. संध्याकाळी गळ टाकून बसलेले म्हातारे, गिटारवाला, रमची एक बाटली पाच जणांत. वीज गेली की घरात उकडतं, मग अख्खी बिऱ्हाडं कठड्यावर येऊन बसतात. आपल्या चाळीची गॅलरीच म्हण ना.

आता जे सांगायला बसलो ते. रस्त्यापलीकडच्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावरून एका बाईनं दोरीला टोपली बांधून खाली सोडली. खाली एक पोरगा पाव घेऊन उभा. त्यानं पाव टाकला आणि दोरीला झटका दिला. वरून बाई जी काय सुरू झाली! स्पॅनिश मला कळत नाही, पण आपल्या आजीचं 'मेल्या, दोरी ओढू नकोस, गाठ सुटेल' हेच होतं, शप्पथ. मी एकटाच हसत सुटलो. सेकंड बाजूला सरकून बसला. त्याला काय सांगणार? आजी त्याची थोडीच होती.

मग नजर बाल्कनीच्या खाली गेली. चार लाकडी टेकू. वर खांब, कमानी, फिकट निळा रंग, वाळत घातलेले कपडे, फोटो काढावा असं सगळं. आणि बाल्कनीच्या पोटातून गंजलेली सळई बाहेर आलेली. खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात, पोलीस रस्ता बंद करतात, गावातली पोरं मुद्दाम भिजायला जमतात. दिसायला काय बहार! पण तेच पाणी त्या बाईच्या बाल्कनीत मुरतं. या शहरात घरं खरोखर कोसळतात रे. आणि मी पलीकडे बसून 'वा' म्हणत होतो.

आपली चाळ पाडून नवी बांधायचं बिल्डरचं संमतीपत्र माझ्या केबिनमध्ये पडून आहे. पमाताई म्हणते, सही केलीस तर मी ट्रान्झिटच्या तात्पुरत्या खोलीत जाणार नाही, तिथूनच मला न्या. जिना हलतो, संडासाचं छत दोनदा आलंय खाली, तरी नाहीच. तू डोंबिवलीला सुटलास, तुला काय! (हे वाचून चिडशील. चिड.) बिल्डरवर माझा काडीचा विश्वास नाही, पण पुढच्या पावसावर त्याहून कमी आहे. बोटीवर मी कुठल्याही प्लेटवर इतका गंज खपवून घेतला नसता. रात्री ९ वाजता समोरच्या काबान्या किल्ल्यावरून तोफ उडते, पूर्वी वेशीचे दरवाजे बंद झाल्याची खूण म्हणून उडवायचे. तोफ झाली तरी मी हाच हिशोब करत होतो.

सही करावी असंच मन म्हणतंय. पण आधी तू जाऊन पमाताईशी बोल. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते, नाना गेल्यापासून तर जास्तच. टोपलीची गोष्ट सांग, टेकूची मात्र लगेच नको, चहा झाल्यावर.

मृण्मयीचा निकाल लागला का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं असेलच. तुझ्या रिटायरमेंटच्या पार्टीला नव्हतो, त्याबद्दल शिव्या राखून ठेव.

१५ तारखेला मीटिंग आहे. माझ्या वतीनं बस, आणि काही झालं तरी बर्व्यांना अध्यक्ष होऊ देऊ नकोस.

तुझा,
विन्या