टकरींचा आकडा देताना गृहीतकही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनमुळे वर्षाला किती सील किंवा डॉल्फिन मरतील, याचा एकच आकडा बातम्यांत दिला जातो. तो आकडा कुठून येतो, हे वाचकांना कळायला हवे.

समजा, 18 मीटर व्यासाचा तीन पात्यांचा रोटर मिनिटाला 12 फेरे घेतो. त्याचे क्षेत्र सुमारे 254 चौरस मीटर. पाणी 40 मीटर खोल, दर चौरस किलोमीटरला एक सील, प्रवाह सेकंदाला अडीच मीटर आणि यंत्र वर्षाला 5000 तास चालू. या हिशेबाने वर्षभरात साधारण 286 वेळा सील रोटरमधून जाईल. दीड मीटर लांबीच्या सीलला पार व्हायला 0.6 सेकंद लागतात आणि दर 1.67 सेकंदांनी एक पाते येते. म्हणजे टकरीची शक्यता 36 टक्के; पात्याची रुंदी धरली तर थोडी अधिक. 36 टक्क्यांनीच उत्तर येते 103 टकरी.

पण यात सील काहीही न पाहता, न ऐकता वाहत येतो असे मानले आहे. म्हणून शेवटी ‘टाळण्याचा दर’, म्हणजे शंभरातले किती सील रोटर चुकवतात हे प्रमाण, लावतात. तो 95 टक्के धरला तर टकरी 5, 98 धरला तर 2, 99 धरला तर 1. बाकीचे सगळे काटेकोर मोजमाप या एका अंदाजापुढे फिके पडते, आणि नेमका हाच आकडा अनेकदा प्रत्यक्ष पाहून नव्हे, तर गृहीत धरून घेतलेला असतो.

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉख येथे 2008 मध्ये ‘सीजेन’ हे टर्बाइन बसवले, तेव्हा सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्यातील वस्तू टिपणाऱ्या उपकरणावर) सील जवळ दिसताच यंत्र थांबवत. सीलच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र फिरत्या पात्यांजवळ सील काय करतो, हे त्यामुळे पाहताच आले नाही. स्कॉटलंडच्या पेंटलँड फर्थमध्ये टर्बाइनवर हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) लावून पॉर्पॉइस या डॉल्फिनसारख्या प्राण्याचा माग काढला गेला आणि ते फिरता रोटर चुकवतात असे दिसले. पॉर्पॉइस सतत टिकटिक आवाज काढतो म्हणून हे जमले. सील तसा आवाज काढत नाही. त्याच्यासाठी सोनारच लागतो, आणि त्यावर मासे, वाहते शेवाळ, बुडबुडेही उमटतात.

घनतेतही, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती सील या आकड्यातही, चूक होते. यंत्र साधारण सेकंदाला एक मीटर प्रवाह असल्याशिवाय फिरत नाही. सीलची मोजणी मात्र पुष्कळदा पाणी संथ असताना केलेली असते. सील रोटरच्या थरात दुप्पट वेळ घालवत असेल, तर टकरीही दुप्पट होतात. उलट प्रत्येक टक्कर जीवघेणी नसते. मृत सीलवरील प्रयोगांत पात्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटरच्या पुढे गेल्यावर गंभीर इजा दिसली. वर उदाहरणात घेतलेल्या रोटरमध्ये मध्यापासून चार मीटरपर्यंत पाते त्याहून हळू फिरते. तो भाग क्षेत्राच्या पाचवा हिस्सा आहे.

म्हणून प्रकल्पाच्या अहवालात टाळण्याच्या निदान तीन दरांची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. घनता भरती-ओहोटीच्या टप्प्यांनुसार आणि खोलीनुसार द्यावी. पहिल्या यंत्रावर सोनार व हायड्रोफोन दोन्ही बसवून त्यांच्या नोंदी खुल्या केल्याशिवाय दुसऱ्या यंत्राला परवानगी देऊ नये.

आपला,
एक वाचक